मज्जारज्जूला किती मार लागलाय? सीटी आणि एमआरआयमधून हे कसं कळतं

अपघातानंतर एमआरआयची फिल्म हातात येते. कोणीतरी ती खिडकीसमोर धरून फोटो काढतं, फोटो फॅमिली ग्रुपवर जातो, तिथून ओळखीतल्या एखाद्या डॉक्टरकडे फॉरवर्ड होतो. प्रश्न एकच असतो: परत चालता येईल ना? रिपोर्टमध्ये याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे असतं 'सी५-सी६ लेव्हलला कॉर्ड एडिमा', 'टी२ हायपरइंटेन्सिटी', 'कॉर्ड कॉम्प्रेशन' असलं काहीतरी.

हे शब्द कुठून येतात, मशीन नेमकं काय बघतं, त्यातून दुखापत किती गंभीर आहे हे कसं मोजतात आणि कुठे मशीनचं काही चालत नाही, ते या लेखात बघू. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. दुखापतीची अधिकृत श्रेणी स्कॅनवरून ठरत नाही. ती ठरते डॉक्टरांनी हाताने केलेल्या तपासणीवरून. स्कॅन सांगतो ते वेगळं, आणि ते तितकंच कामाचं आहे.

हाड वेगळं, केबल वेगळी

पाठीचा कणा आणि मज्जारज्जू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कणा म्हणजे हाडं: मानेत ७ मणके, छातीमागे १२, कमरेत ५ आणि त्याखाली जुळून एक झालेले. या मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मोठ्या माणसात तो साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि जाडीला करंगळीएवढा. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्याखाली नसांचा झुपका असतो.

मज्जारज्जू आडवा कापून पाहिला तर आत फुलपाखरासारखा दिसणारा करडा भाग असतो आणि त्याच्याभोवती पांढरा भाग. करड्या भागात पेशींची मुख्य शरीरं असतात. पांढरा भाग म्हणजे मेंदूकडून खाली आणि खालून मेंदूकडे जाणाऱ्या लांब वायरी. करड्या भागाला रक्तपुरवठा जास्त असतो, त्यामुळे मार बसल्यावर रक्तस्राव बहुतेक वेळा तिथून सुरू होतो आणि मग बाहेर पसरतो. हे लक्षात ठेवा, पुढे एमआरआयचा स्कोअर समजायला लागेल.

मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू गेलाच असं नाही. कमरेचा मणका दबलेली कितीतरी माणसं महिन्याभरात चालायला लागतात. उलटही होतं: हाड शाबूत आणि आतली केबल जखमी. म्हणून एका मशीनवर भागत नाही.

श्रेणी ठरते टाचणी आणि हाताने

जगभर वापरली जाणारी श्रेणी म्हणजे 'एशिया इम्पेअरमेंट स्केल'. नावातल्या एशियाचा आशिया खंडाशी काही संबंध नाही, ते अमेरिकन स्पायनल इंजुरी असोसिएशनचं आद्याक्षरी नाव आहे. या संस्थेने १९८२ मध्ये पहिल्यांदा हे निकष प्रसिद्ध केले.

डॉक्टर दोन्ही बाजूंचे १०-१० ठरावीक स्नायू तपासतात आणि प्रत्येकाला ० ते ५ गुण देतात. सगळं नॉर्मल असेल तर बेरीज १००. मग शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी कापसाचा हलका स्पर्श आणि टाचणीचं टोक कळतंय का ते बघतात. शेवटी गुदद्वारापाशी संवेदना आहे का आणि रुग्णाला तिथला स्नायू स्वतःहून आवळता येतो का हे तपासतात. घरच्यांना ही तपासणी विचित्र वाटते, पण सगळ्यात जास्त याच उत्तरावर अवलंबून असतं. तिथल्या नसा मज्जारज्जूच्या अगदी तळातून निघतात. तिथपर्यंत सिग्नल पोचत असेल तर केबल पूर्ण तुटलेली नाही.

यावरून ए ते ई अशा पाच श्रेणी होतात. ए म्हणजे तळाशी संवेदनाही नाही आणि हालचालही नाही, यालाच 'कम्प्लीट' म्हणतात. बी म्हणजे संवेदना आहे पण हालचाल नाही. सी आणि डी मध्ये दुखापतीखाली हालचाल आहे. निम्मे किंवा जास्त स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हलत असतील तर डी, नाहीतर सी. ई म्हणजे तपासणी नॉर्मल.

मग स्कॅन कशाला? कारण अपघातानंतर पहिल्या काही तासांत ही तपासणी अनेकदा नीट होतच नाही. रुग्ण बेशुद्ध असतो, व्हेंटिलेटरवर असतो, डोक्यालाही मार असतो, कधी दारू प्यायलेला असतो. शिवाय 'स्पायनल शॉक' नावाचा प्रकार आहे: मार बसल्यावर दुखापतीखालचे रिफ्लेक्स काही काळ बंद पडतात आणि शरीर लुळं पडतं. अशा वेळी मिळालेली श्रेणी काही दिवसांनी बदलू शकते. रुग्णाकडून उत्तर मिळत नसतं तेव्हा चित्र कामाला येतं.

सीटी: हाडाची गोष्ट, काही सेकंदांत

साधा एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं-मागचं सगळं एकावर एक येतं. मानेचा खालचा भाग खांद्यांच्या सावलीत हरवतो आणि नेमकं तिथलंच फ्रॅक्चर सुटतं. म्हणून मोठ्या अपघातात आता सरळ सीटी करतात. सीटीमध्ये एक्स-रेची नळी शरीराभोवती फिरते, सगळ्या कोनांतून मोजमाप घेते आणि कॉम्प्युटर त्यातून पातळ स्लाईस तयार करतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर १९७१ मध्ये लंडनजवळ पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. १९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

सीटीच्या प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो, तो हाउन्सफील्ड युनिटमध्ये मोजतात. पाणी ०, हवा उणे १०००, आणि घट्ट हाड हजाराच्या आसपास किंवा वर. म्हणजे एका स्लाईसमध्ये हजारो पायऱ्या असतात, पण स्क्रीनवर आपण करड्या रंगाच्या २५६ छटाच दाखवतो. मग रेडिओलॉजिस्ट 'विंडो' निवडतो: हाडासाठी एक, मऊ भागासाठी दुसरी. फोनमध्ये उन्हातला फोटो काढताना आकाश नीट दिसायला एक्स्पोजर कमी केलं की चेहरा काळा पडतो, तसंच हे. फरक इतकाच की सीटीच्या मूळ फाइलमध्ये दोन्ही शाबूत असतात. खिडकीसमोर धरलेल्या फिल्मच्या फोटोत मात्र कोणीतरी आधीच निवडलेली एकच विंडो उरते.

मोडलेला मणका, पोकळीत घुसलेला हाडाचा तुकडा, जागेवरून सरकलेला सांधा, हे सगळं सीटीत स्वच्छ दिसतं. मज्जारज्जू मात्र आजूबाजूच्या द्रवापेक्षा फारसा वेगळा दिसत नाही. त्याच्या आत सूज आहे की रक्त, हे सीटीवरून जवळजवळ सांगता येत नाही.

एमआरआय: आतलं पाणी ऐकणारं मशीन

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात आणि त्यांची केंद्रकं इवल्याशा चुंबकासारखी वागतात. १.५ टेस्लाच्या मशीनचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असतं. त्यात ही केंद्रकं एका दिशेने कलतात. मग मशीन साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतं, म्हणजे तुमच्या एफएम रेडिओच्या जरा खाली. केंद्रकं ढळतात, परत जागेवर येताना स्वतः सिग्नल सोडतात, आणि मशीन तो ऐकतं. पाण्यातला सिग्नल किती वेळ टिकतो, चरबीतला किती, सुजलेल्या ऊतीतला किती, या फरकातून चित्र तयार होतं. या कल्पनेतून चित्र काढण्याच्या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

हे चुंबक कायम चालू असतं, स्कॅन चालू नसतानाही. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मशीनकडे खेचला जाऊन मृत्यू झाला. मज्जारज्जूच्या रुग्णाबरोबर सिलिंडर, स्ट्रेचर, पंप अशा गोष्टी असतातच, म्हणून तिथला कर्मचारी अडवतो तेव्हा वाद घालू नका.

मज्जारज्जूसाठी सगळ्यात कामाचं चित्र म्हणजे टी२. यात पाणी पांढरं दिसतं. मज्जारज्जूभोवतीचा द्रव पांढरा आणि मधला मज्जारज्जू करडा, दुधाच्या नळीत ठेवलेल्या दोरीसारखा. गादी किंवा हाड आत घुसलं की ती पांढरी कड त्या जागी पुसली जाते. आता रिपोर्टमधले शब्द सोपे होतील. एडिमा म्हणजे सूज, म्हणजे जास्तीचं पाणी, म्हणून ते टी२ मध्ये नेहमीपेक्षा उजळ दिसतं. हायपरइंटेन्सिटी म्हणजे तोच उजळपणा. रक्तस्रावाचं वेगळं आहे. काही तासांनी रक्तातला ऑक्सिजन निघून गेला की हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण बदलतात आणि टी२ वर तो भाग काळा दिसतो. उजळ सुजेच्या मधोमध काळा डाग दिसला की रेडिओलॉजिस्टचा चेहरा गंभीर होतो.

'स्टिर' नावाच्या चित्रात चरबीचा सिग्नल दाबून टाकतात. त्यात मणक्यांना बांधून ठेवणारे फाटलेले लिगामेंट उठून दिसतात, जे सीटीत निसटतात.

चित्रातून आकडा कसा काढतात

'बराच दाब दिसतोय' असं म्हणून चालत नाही. एका डॉक्टरचं बरंच दुसऱ्याला थोडं वाटू शकतं. म्हणून मोजमापं ठरवली गेली आहेत.

पहिलं म्हणजे मज्जारज्जू किती टक्के दबलाय. मधोमध घेतलेल्या उभ्या स्लाईसवर दुखापतीच्या जागी मज्जारज्जूची पुढून-मागे जाडी मोजायची. मग वरच्या आणि खालच्या जवळच्या नॉर्मल जागी मोजायची आणि त्या दोन्हींची सरासरी घ्यायची. समजा वर ८ मिलिमीटर, खाली ७, म्हणजे सरासरी ७.५. दुखापतीच्या जागी ४.५ उरले असतील तर दाब ४० टक्के. माणसागणिक मज्जारज्जूची जाडी वेगळी असते, पण इथे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. साधं गणित, पण मला हेच सगळ्यात आवडतं.

दुसरं म्हणजे आतल्या उजळ भागाची उभी लांबी, मिलिमीटरमध्ये. लांबी जास्त तर साधारणपणे नुकसान जास्त. यात एक मेख आहे: पहिल्या दोन-तीन दिवसांत ही सूज वाढत जाते. अपघातानंतर ४ तासांनी काढलेला आणि ४० तासांनी काढलेला एमआरआय शेजारी ठेवून तुलना केली तर चुकीचा निष्कर्ष निघेल. स्कॅन कधी काढला हे माहीत नसेल तर लांबीचा आकडा अर्धवट आहे.

तिसरा आहे 'बेसिक' स्कोअर. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने तो २०१५ मध्ये मांडला. यात आडवी स्लाईस बघतात, आणि मघाचं फुलपाखरू इथे कामाला येतं. उजळपणा अजिबात नसेल तर ०. फक्त करड्या भागात असेल तर १. बाहेरच्या पांढऱ्या भागात शिरलाय पण काही भाग अजून वाचलाय, तर २. आख्खी चकती उजळ झाली असेल तर ३. आणि त्यातच रक्तस्रावाचे काळे डाग असतील तर ४. म्हणजे हा स्कोअर खरं तर विचारतो की किती वायरी वाचल्या आहेत. एकाच स्लाईसवर, काही सेकंदांत काढता येतो, म्हणून रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या डॉक्टरलाही तो परवडतो.

काही आठवड्यांनी सूज ओसरते आणि मेलेल्या ऊतीच्या जागी द्रवाने भरलेली पोकळी उरते. झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयातल्या संशोधकांनी या पोकळीच्या पुढे आणि मागे शाबूत राहिलेल्या ऊतीच्या पट्ट्या मोजल्या. त्यांना ते 'टिश्यू ब्रिज' म्हणतात. हा पूल जितका रुंद, तितकी पुढची सुधारणा जास्त, असं त्यांना दिसलं. मोजमाप मिलिमीटरमधलं आहे. दोन-तीन मिलिमीटर ऊती वाचणं ही इथे मोठी गोष्ट असते.

याचा उपयोग काय? सगळ्यात आधी ऑपरेशनची वेळ. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टॅस्किस' या अभ्यासात मानेतल्या मज्जारज्जूच्या दुखापतीचे रुग्ण होते. २४ तासांच्या आत दाब काढलेल्यांपैकी १९.८ टक्के लोकांची सहा महिन्यांनी एशिया श्रेणी किमान दोन पायऱ्यांनी सुधारली. उशिरा ऑपरेशन झालेल्यांमध्ये हे प्रमाण ८.८ टक्के होतं. दाब कुठे आहे, किती आहे, पुढून काढायचा की मागून, हे सर्जनला एमआरआय सांगतो. पण मशीन दुसऱ्या गावात असेल आणि रुग्णाचं बीपी टिकत नसेल, तर एमआरआयसाठी थांबायचं की नाही हा निर्णय डॉक्टरांनाच घ्यावा लागतो.

चित्र एक सांगतं, शरीर दुसरं

१९८२ मध्ये डॅकलिंग पँग आणि जेम्स विल्बर्गर यांनी 'स्किवोरा' हा शब्द वापरला: मज्जारज्जूला इजा आहे, पण एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. हे मुख्यतः लहान मुलांमध्ये दिसतं. त्यांचा कणा इतका लवचीक असतो की ताणला जाऊन परत जागेवर येतो, आतला मज्जारज्जू मात्र तेवढा ताण सहन करत नाही. यातल्या बऱ्याच मुलांच्या एमआरआयमध्ये आज इजा दिसते. काहींच्या तरीही दिसत नाही.

दुसरं टोक म्हणजे आजी-आजोबा. वयाने मानेतली पोकळी आधीच अरुंद झालेली असते. बाथरूममध्ये पाय घसरतो, हनुवटी आपटते, मान मागे जाते. सीटीत फ्रॅक्चर नाही, म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण आजोबांना चालता येतंय आणि कपाची कान धरता येत नाही. हातांत पायांपेक्षा जास्त अशक्तपणा, याला 'सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम' म्हणतात. 'सीटी नॉर्मल आहे' यावर थांबायचं नाही, एमआरआयबद्दल विचारायचं.

आणि एकाच स्कोअरचे दोन रुग्ण वेगवेगळ्या प्रकारे बरे होतात. उजळ दिसणारा भाग मेलेला आहे की नुसता सुजलेला, हे साध्या टी२ ला कळत नाही. 'डिफ्यूजन' प्रकारच्या एमआरआयमध्ये पाण्याचे रेणू वायरींच्या दिशेने सरकतायत की सैरावैरा, हे मोजून वायरी शाबूत आहेत का याचा अंदाज घेतात. पण मज्जारज्जू लहान, श्वास आणि हृदयाच्या ठोक्यांबरोबर हलणारा, त्यामुळे चित्र फाटतं. संशोधनात हे खूप वापरतात, रोजच्या कामात अजून कमी.

सॉफ्टवेअर कुठवर आलंय

माझ्या कामाच्या जवळचा भाग हा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आरएसएनए या संस्थेने कॅगलवर स्पर्धा ठेवली होती: मानेच्या सीटीतून फ्रॅक्चर शोधा, आणि ते सातपैकी कुठल्या मणक्यात आहे तेही सांगा. वेगवेगळ्या देशांतून जमवलेले सुमारे ३ हजार सीटी त्यात होते. हाड शोधण्याचं काम सॉफ्टवेअर आता बरंच चांगलं करतं.

मज्जारज्जूचं काम अवघड आहे. माँट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये सुरू झालेलं 'स्पायनल कॉर्ड टूलबॉक्स' मोफत आणि ओपन सोर्स आहे. एमआरआय दिला की मज्जारज्जूची बाह्यरेषा आखतं, जाडी मोजतं. त्यातच पुढे 'सायसेग' नावाचं डीप लर्निंग मॉडेल आलं, ते दुखापतीचा उजळ भाग आपोआप रंगवतं. लांबी, टिश्यू ब्रिज हे आकडे मग कोडमधूनच निघतात.

'आमचं एआय ९९ टक्के अचूक' असं कुठे वाचलंत तर एक प्रश्न विचारा: अचूक कशात? आख्ख्या स्कॅनमध्ये जखमेचे पिक्सेल हजारात एखादा असतील, तर 'जखम कुठेच नाही' असं प्रत्येक वेळी सांगणारा प्रोग्रॅमसुद्धा ९९.९ टक्के पिक्सेल बरोबर सांगतो. म्हणून इथे 'डाइस' स्कोअर वापरतात: डॉक्टरने रंगवलेला भाग आणि मशीनने रंगवलेला भाग एकमेकांवर किती बसतात, ० ते १ मध्ये. आणि दोन तज्ज्ञांनी रंगवलेलेही कधी तंतोतंत जुळत नाहीत, तर मशीनने कोणाशी जुळायचं? ऑपरेशननंतर स्क्रू बसवले की धातूभोवती चित्र वाकडं होतं, तिथे सगळेच अडखळतात.

तुमच्या फोनमधली फाइल

मूळ स्कॅन 'डायकॉम' या फॉरमॅटमध्ये असतो. एका एमआरआयमध्ये शेकडो चित्रं असू शकतात, वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या प्रकारची. फिल्मवर त्यातली निवडक छापतात. तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो आणखी दाबला जातो. आपण वर बोललो ते फरक मिलिमीटरमधले आहेत, ते या प्रवासात टिकत नाहीत. दुसरं मत घ्यायचं असेल तर स्कॅन सेंटरला 'डायकॉमची सीडी किंवा लिंक द्या' असं सांगा. आता बरीच सेंटर लिंक देतात. फोनवर डायकॉम उघडणारी अ‍ॅप आहेत, बघायला ठीक, पण निदान त्यावर करायचं नाही.

चॅटबॉटला फिल्मचा फोटो देऊन 'हे बरं होईल का' विचारणाऱ्यांसाठी: त्याच्याकडे एक स्लाईस आहे, एक विंडो आहे, आणि रुग्णाच्या पायाला टाचणी लावलेली नाही. रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ विचारायला तो चालेल. शिवाय फिल्मच्या कोपऱ्यात आणि डायकॉम फाइलच्या आत रुग्णाचं नाव, वय, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक असतो. कुठेही अपलोड करण्याआधी ते काढा. स्क्रीनशॉटमधलं नाव झाकलं तरी मूळ फाइलच्या आतलं नाव तसंच राहतं.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा हे विचारा: दुखापत कोणत्या पातळीला आहे? एशिया श्रेणी कोणती, आणि ती तपासली तेव्हा रुग्ण शुद्धीवर होता का? तळाशी संवेदना आहे का? मज्जारज्जूवर अजून दाब आहे का, असेल तर तो कधी काढणार? आत रक्तस्राव दिसतोय की फक्त सूज? एमआरआय अपघातानंतर किती तासांनी काढला? परत श्रेणी कधी तपासणार? उत्तरं तारीख आणि वेळेसकट फोनमध्ये लिहून ठेवा. हॉस्पिटल बदलावं लागलं, तर नवीन डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.